अक्का आणि चाळीस मीटर तार

गणिताच्या शिकवणीत अक्का पाठ केलेलं सूत्र फळ्यावर टिकू देत नसत. कुणी लिहिलंच, तर स्वतःच्या पदराने पुसून टाकायच्या. "बेडा, बेडा! नको तसं. आधी वर्ग पूर्ण कर. का ते कळू दे की स्वल्प." त्यांचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसूरचं, त्यामुळे मराठीत कन्नड असं मिसळलेलं. आम्ही पुण्याहून म्हैसूरच्या बोगादीत आलेलो.

बारावीच्या गणितात मी दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा झालीस तर शिक्षण बंद, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. अक्कांनी पहिल्याच दिवशी उदाहरण घातलं: एका बाजूला भिंत, हातात चाळीस मीटर तार, उरलेल्या तीन बाजूंनी जास्तीत जास्त जागा कशी घेरशील? समीकरण त्यांनी अशा रूपात आणलं, की दोनशेमधून 'रुंदी वजा दहा'च्या वर्गाची दुप्पट वजा. "नोडु, बघ, वर्ग शून्याच्या खाली जात नाही. तो शून्य झाला की काहीच वजा होत नाही. म्हणजे रुंदी दहा, जागा दोनशे." मला गणितातलं काहीतरी कळलं, ते त्या दिवशी.

परीक्षेला तीन आठवडे होते. तेच उदाहरण पुन्हा सांगताना त्या मध्येच थांबल्या. खडू फळ्याला टेकलेला. "पुढे काय ग?" मला वाटलं, परीक्षा घेतायत. मग त्यांचा चेहरा दिसला.

विस्मरणाचा आजार, डॉक्टर म्हणाले. त्यांच्या मुलाने शिकवणी बंद केली. मी जातच राहिले. दुसरं कोण होतं मला? रोज दुपारी त्या उमेदीने सुरुवात करायच्या आणि तिथेच अडायच्या. "मला येत होतं ना ग?"

"येत होतं, अक्का."

मग मीच खडू घेऊन त्यांना समजावायचे. एकदा माझा धीर सुटला. "कालच सांगितलं ना!" मी ओरडले. त्या हात मांडीवर घेऊन बसल्या. ते अजून छळतं.

मी पास झाले. धावत सांगायला गेले, तर त्यांनी मुलाला विचारलं, "यारु इवळु?" कोण ही? मग माझ्याकडे वळून अगत्याने म्हणाल्या, "बस की, चहा घे."

मी चहा घेतला. नाव विचारतील म्हणून कप रिकामा झाल्यावरही बसून राहिले. त्यांनी विचारलं नाही.