तेल लागलेला सिलिंडर

युसूफ शेख यांना कामाला लागून चार वर्षं झाली होती, तेव्हा त्यांनी एक माणूस जळताना पाहिला. धुळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये नवल नावाचा वेल्डर होता. ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या तोंडाचा आटा घट्ट झाला म्हणून त्याने तो तेलकट चिंधीने पुसला, रेग्युलेटर बसवला आणि वाल्व उघडला. आधी शिट्टीसारखा आवाज झाला, मग स्फोट. रेग्युलेटरचं पितळ वितळून नवलच्या छातीत शिरलं. चेहऱ्याची कातडी हनुवटीपर्यंत उतरली. तो अर्धा तास जिवंत होता आणि बोलत होता. काय बोलत होता, हे युसूफभाईंनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही. पण सिलिंडरमधल्या दाबाने तो तेलाला भिडला की काडीची गरज उरत नाही. त्या दिवसापासून युसूफभाई सिलिंडरला हात लावण्याआधी कोपरापर्यंत साबणाने धुतात. कामाच्या दिवशी डोक्याला तेल लावत नाहीत. बायको शहनाज याला वेड म्हणते.

सव्वीस वर्षं ते धुळ्याजवळच्या अवधान गावच्या औद्योगिक वसाहतीत एका गॅस एजन्सीत आहेत. एप्रिल २०२१ मध्ये कारखान्यांचा ऑक्सिजन बंद करून दवाखान्यांकडे वळवला गेला. वेल्डिंगची दुकानं थंड पडली आणि एरवी पेपरात व्यापाराच्या पानावर कोपऱ्यात येणारा वायू रोज पहिल्या पानावर येऊ लागला. बोटाला लावायचं यंत्र घरोघरी गेलं. रक्तातला ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली गेला की धावपळ करायची, हे शाळेत न गेलेल्यांनाही पाठ झालं. सिलिंडरशी कसं वागायचं, हे मात्र कोणत्याच पानावर नव्हतं.

एजन्सीने युसूफभाईंना पिंपळनेरजवळच्या एका मंगल कार्यालयात पाठवलं. तिथे चाळीस खाटांचं कोविड केंद्र उभं केलं होतं. जंबो सिलिंडर ओट्यावर, पत्र्याच्या आडोशाला उभे असत. त्यांच्या नळ्या खिडकीतून आत गेलेल्या आणि आत खिडकीलगत ऑक्सिजनवरचे अकरा रुग्ण होते. त्यांतले एक हिलाल आबा, वय सदुसष्ट.

नवव्या दिवशी, भर दुपारी आबांचा सिलिंडर संपत आला. युसूफभाई हात धुवायला नळावर गेले. आबांचा मुलगा गिरधर थांबला नाही. तो शेतकरी, बोअरमधला पंप स्वतः वर काढून दुरुस्त करणारा. घट्ट आट्याला तेल सोडायचं, हे त्याच्या हातात बसलेलं होतं. त्याने मोटारसायकलच्या डिकीतून इंजिन ऑईलची बाटली आणली, भरलेल्या सिलिंडरच्या आट्यावर ओतली, रेग्युलेटर फिरवून बसवला आणि वाल्वला चावी लावली.

युसूफभाईंना नळावरून तो काळा ओघळ दिसला. ते पळतच आले.

"तेल लागलंय. चावी सोड. फुटेल."

"मना बाप मरी राहिना, आन् तू हात धोई राहिना?" गिरधर म्हणाला आणि चावीवर जोर लावला.

युसूफभाईंनी कमरेचा पान्हा काढून त्याच्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज ओट्यावर बसलेल्या सगळ्या नातेवाइकांनी ऐकला. बोटं सुटली नव्हती, म्हणून त्यांनी त्याच जागी दुसऱ्यांदा मारलं. चावी खाली पडली.

मग बाकीचे तुटून पडले. गिरधरचा चुलतभाऊ जीवराम सलाईनचा लोखंडी दांडा घेऊन पुढे आला. पहिला फटका डाव्या खांद्यावर बसला आणि खांदा निखळला. सात-आठ जण होते. ऑक्सिजन दडवून विकतात, असं गावोगाव बोललं जात होतं. त्यांना चोर सापडला होता. एकाने दाढीला धरून डोकं फरशीवर आपटलं आणि रोग तुम्हीच आणला म्हणाला. एकाने चपलेची टाच उजव्या हातावर ठेवून पूर्ण वजन दिलं. दोन बोटं मोडली. युसूफभाई तेल, तेल एवढंच म्हणत होते. तोंडात रक्त असल्यामुळे तेही कळत नव्हतं.

मार दयेने थांबला नाही. नर्स पुनम दारात येऊन म्हणाली, आबांचं चौसष्टवर आलंय, सिलिंडर कोण जोडणार? जोडता येणारा माणूस त्यांच्या पायांखाली होता.

त्यांनी युसूफभाईंना उचलून भिंतीला टेकवलं. त्यांचा एकही हात उपयोगाचा नव्हता, तेव्हा ते बोलले.

"पलीकडचा घ्या. हा नको. आधी हात धुवा, साबणाने."

जीवराम नळावर गेला. परत आला तेव्हा मनगटापर्यंतच स्वच्छ होता. युसूफभाईंनी त्याला कोपरापर्यंत धुवायला पुन्हा पाठवलं. मग एकेक पायरी सांगितली. वाल्व क्षणभर उघडून बंद कर, धूळ उडू दे. आता रेग्युलेटर, तेल लागलेला नाही, पेटीतला दुसरा. जोर लावू नकोस, आटा जुळला की आपोआप बसतो. आता चावी, हळू. आबांचा आकडा सत्तर झाला, मग एकोणऐंशी, मग शहाऐंशी.

तेल लागलेला सिलिंडर भरलेलाच होता. युसूफभाईंनी तो आवाराच्या टोकाला, बाभळीपाशी नेऊन ठेवायला लावला आणि एजन्सीची गाडी येईपर्यंत, साडेतीन तास, ते त्याच्यासमोर उन्हात बसून राहिले. आत यायला नकार दिला म्हणून पुनमने बोटांना पट्ट्या तिथेच बांधल्या. दोनदा वेगवेगळ्या रुग्णांचे नातेवाईक आले: हा भरलाय ना, मग आम्हाला द्या. भरलेला सिलिंडर झाडाखाली पडलाय आणि आत माणसं गुदमरताहेत, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. युसूफभाईंनी डाव्या हातात कसाबसा धरलेला पान्हा मांडीवर ठेवला. पट्टी बांधलेला, निखळल्या खांद्याचा माणूस पुन्हा मारेल, अशी त्यांना खात्री वाटली असावी. ते गेले.

पाचच्या सुमारास गिरधर आला. मोडलेल्या हाताला फळी बांधलेली होती. पोलिसांत तक्रार दिली आहे, सोडणार नाही, असं त्याने सांगितलं.

युसूफभाईंनी आबांचं विचारलं.

"नव्वद," गिरधर म्हणाला आणि सिलिंडरला टेकायला गेला.

"तिथे नको. दहा पावलं मागे सर."

गिरधरने पान्ह्याकडे पाहिलं. मग मोजून दहा पावलं मागे गेला आणि तिथूनच शिव्या देत उभा राहिला.