कुमुदची रॉकेलची पिशवी

कारापूरहून रमेशचा फोन आला तेव्हा मी पेडण्याच्या घरी स्वयंपाकघरात पेज निवत ठेवून बसले होते. रमेश म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. शेवटची काही वर्षं कुमुद त्याच्याकडे आणि त्याच्या बायकोकडे, सुनीताकडेच होती. "काकी, आत्या गेली. सकाळी उठवायला गेलो तर..." आणि मी, ऐंशीला टेकलेली बाई, काय विचारावं? "चहा घेतला होता का तिने?" तो म्हणाला, "नाही काकी. सुनीताने नेला तेव्हा..." तेव्हा मला खरं वाटलं. चहाची वेळ झाली आणि कुमुदने तो घेतला नाही, असं माझ्या माहितीत आयुष्यात एकदाच झालं होतं. ती हकीकत आज सांगते.

कुमुद माझी नणंद. रीतीप्रमाणे मी तिला 'वन्सं' म्हणायला हवं होतं, पण लग्नानंतर आठवड्याभरात ती म्हणाली, "वन्सं म्हटलंस ना वयनी, तर मी म्हातारी झालंय असां दिसतला. कुमुद म्हण." ती प्राथमिक शाळेत शिकवायची. लग्न केलं नाही आणि कोणी कारण विचारलं तर "वेळ खंय आसा?" म्हणून चालायला लागायची. चालायला लागायची हे अगदी अक्षरशः. पाकले, म्हणजे पोर्तुगीज, गोव्यातून जाऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं माहेर सावंतवाडीकडचं. पूर्वी तिकडून इकडे यायचं तर परवाने, नाकी, झडत्या. आता सगळं खुलं झालं होतं. कुमुदला हे खुलेपण पायांनी मोजून बघायचं होतं. सुट्टी लागली की ती आणि तिची मैत्रीण इंदू पाठीवर पिशव्या टाकून निघायच्या. इंदू शिवणाचे वर्ग चालवायची. आज इब्रामपूरचा सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, उद्या तेरेखोल, कधी घाटाच्या पायथ्याशी कोणाच्या तरी मावशीकडे मुक्काम. दोन बाया, सोबतीला पुरुष नाही, आणि बरोबर पितळी स्टो, कारण कुमुदला वाटेत चहा लागायचा. वेळेवर चहा नाही मिळाला तर तिचं डोकं असं चढायचं की डोळे उघडत नसत.

माझ्या सासूबाईंना आम्ही मांय म्हणायचो. मांयने लेकीला अडवलं नव्हतं, पण एक अट घातली होती, आणि ती अट घरात सगळ्यांना पाठ होती. "एकीच्याय आंगार फोड दिसलो, तर त्याच दिसा बंद. मागीर रडपाक येवंक नाका." आमच्या वाड्यावरची एक सासुरवाशीण स्टोच्या भडक्यात गेलेली मांयने डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे कुमुदचं सगळं हिंडणं त्या रॉकेलवर टांगलेलं होतं. ते नीट नेलं, नीट वापरलं, तर पुढची वाट मोकळी. नाहीतर शाळा ते घर आणि घर ते शाळा.

म्हणून तिने त्याचं एक शास्त्रच करून टाकलं होतं. काचेची बाटली नाही. बाजारातल्या, भांड्यांना डाक लावणाऱ्या झाळणाऱ्याकडून बनवून घेतलेला, आट्यांच्या झाकणाचा चपटा पत्र्याचा डबा. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची गोल चकती. रॉकेल भरायचं ते अंगणात, सावलीत, मातीवर. पडवीत नाही. भरून झालं की डबा जुन्या वर्तमानपत्रावर आडवा झोपवायचा आणि कागदावर डाग उठतो का ते बघायचं. डाग उठला तर चकती बदलायची आणि परत झोपवायचा. डब्यासाठी इंदूने खाकी कापडाची वेगळी पिशवी शिवली होती. त्या पिशवीत दुसरं काहीही जायचं नाही. खाणं नाही, कपडे नाहीत, आगपेटी तर नाहीच नाही. आगपेटी दुसरीच्या कमरेला. रॉकेलवालीने काडीला हात लावायचा नाही, काडीवालीने रॉकेलला. चालताना स्टोची टाकी रिकामी, आणि चहा झाल्यावर स्टो पुरता गार झाल्याशिवाय त्यातलं उरलेलं परत डब्यात ओतायचं नाही, मग कितीही उशीर होवो. बसमध्ये रॉकेल घेऊन चढायचं नाही. म्हणून बस जिथे सोडेल त्या शेवटच्या गावात ओळखीच्या घरी रिकामा डबा भरून घ्यायचा. मला हे सगळं ऐकून हसू यायचं. आमच्या माहेरी रॉकेलची बाटली चुलीशेजारच्या फळीवर असायची, तोंडाला कागदाचा बोळा. सगळे जिवंत होतो!

मलाही बरोबर न्या म्हणून मी मागे लागले. माझ्या ह्यांची हरकत नव्हती. ह्यांची कशालाच हरकत नसायची. मांयने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कुमुदला म्हणाली, "हिका व्हर. पण ही गेली तशी येवंक जाय." शिगमा नुकताच होऊन गेला होता. मी तयार झाले. आता मी कशी तयार झाले ते सांगते, म्हणजे तुम्हालाही थोडं हसता येईल. पोपटी नायलॉनची साडी, त्या काळातली अगदी ताजी फॅशन. केसांत अबोलीचा वळेसर. पायात टाचेच्या चपला. सड्यावर चढायला! इंदू माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गो, सड्यार कोणाचां लगीन आसा?" कुमुद हसली नाही. तिने मला खाकी पिशवी दिली आणि म्हणाली, "आज रॉकेलवाली तू." मला वाटलं, केवढा हा मान.

इब्रामपूरला ओळखीच्या घरी कुमुदने डबा भरला, कागदावर झोपवून बघितला आणि हात धुवायला मागच्या दारी गेली. मी झाकण उघडून डब्यात डोकावले. वर चांगली दोन बोटं जागा रिकामी. मला ते बघवेना. आमच्याकडे घरातून कुठेही भांडं द्यायचं, तेलाचं असो की तुपाचं, तर काठोकाठ भरून. उणं भांडं देणं म्हणजे अपशकुन, वर कंजूषपणा. मी तर पहिल्यांदाच निघालेली नवी सून. शकुन नको का चांगला? मी त्या घरच्या बाईकडून आणखी रॉकेल मागून घेतलं आणि डबा तोंडापर्यंत भरला. झाकण गच्च आवळलं. वर हळूच नमस्कारसुद्धा केला असेन. आणि भूक लागली तर म्हणून पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, एक उंडो पाव त्याच पिशवीत कोंबला.

सड्यावरचं ऊन ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. खाली तापलेला जांभा, वर सूर्य, मध्ये माझ्या कमरेवर आपटणारा पत्र्याचा डबा. रॉकेल उन्हात फुगतं, त्याला फुगायला जागा लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. कुमुदने सांगितलं होतं, पण मी तेव्हा वळेसर सारखा करत होते. एका काजूच्या झाडाखाली थांबलो. कुमुदने जांभ्याचे धोंडे लावून वाऱ्याला आडोसा केला, स्टो मांडला. तिचं कपाळ दुखायला लागलं होतं, ते तिच्या भुवयांवरून कळायचं. इंदूने कमरेची आगपेटी काढली. काकडा पेटवायला तिने काडी हातात घेतली आणि मी स्टोमध्ये रॉकेल ओतायला पुढे झाले... कुमुदने नाक वर केलं.

"इंदू," ती अगदी हळू म्हणाली, जसं वर्गात झोपलेल्या पोराला उठवावं तसं. "काडी परत पेटीत घाल. पेटी घेवन त्या जांभळीकडे जा. धांव नको."

इंदू गेली. मग कुमुदने माझ्याकडे बघितलं. माझ्या निऱ्या कमरेपासून गुडघ्यापर्यंत ओल्या होत्या. मला वाटलं होतं घाम आहे.

"वयनी, डबो खाली ठेव. हलू नको."

तिने मला काजूच्या आड नेलं, ती नायलॉनची साडी सोडवली, परकर सोडवला, स्वतःच्या पिशवीतलं सुती लुगडं दिलं. मांडीची कातडी लाल झाली होती, चुरचुरत होती. आम्ही आणलेलं सगळं पिण्याचं पाणी आणि साबणाची वडी तिने माझ्या पायावर संपवली. मी रडत होते. भाजण्याच्या भीतीने नाही. ती भीती मला नंतर, आठवड्याने, चुलीपुढे बसल्यावर कळली. सड्यावर मी रडत होते ते मांयच्या भीतीने. "कुमुद, मांयला सांगू नको गो. ती तुझंही बंद करील." इंदू खालच्या नदीकडे बोट दाखवून लांबूनच ओरडली, "न्हंयत पडली म्हणून सांगूया! साडी न्हंयत धुवया!" कुमुदने तो रॉकेल प्यालेला उंडो उचलला, "पांखरांकय घालूक नजो" म्हणाली आणि खड्डा करून पुरला. मग स्टो गुंडाळून ठेवला. त्या दिवशी चहा झाला नाही. इब्रामपूरला परतेपर्यंत ती डोळे अर्धे मिटून, माझा हात धरून चालत होती. कोण कोणाला सांभाळत होतं ते सांगता यायचं नाही. खाली पोचून पाणी मिळालं, डबा त्या ओळखीच्या घरी रिकामा केला. बस समोर उभी होती, म्हणून तिथेही चहा झाला नाही.

घरी मांय पडवीतच बसली होती. आम्ही पायरी चढायच्या आधीच तिने विचारलं, "वास कसलो?"

मी इंदूकडे बघितलं. इंदूने माझ्याकडे. कुमुद म्हणाली, "रॉकेल सांडलां. वयनीच्या साडयेर."

"पेटयलां?"

"नाय."

"मगे चाय?"

"घेतली नाय."

मांय उठली. लेकीजवळ आली, तिच्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "चायेशिवाय रवलंस? तू?" कुमुदने मान हलवली. मांय आत वळली, जाताना म्हणाली, "चूल पेटती आसा. चाय करतंय." आणि उंबऱ्यावरून मागे न बघता, "फुडच्या खेपेक हिका सुती साडी नेसय."

फुडच्या खेपेक! इंदूने माझा दंड इतका जोरात दाबला की तो निळा पडला. मांयने तो डागही फोड म्हणून धरला असता तर तिथेच सगळं संपलं असतं.

त्यानंतर आम्ही तिघी किती हिंडलो! माझी मुलं झाली, ती मांयकडे ठेवून हिंडलो. तेरेखोलच्या फेरीबोटीत एका गृहस्थाने आमच्या खाकी पिशवीशेजारी बसून विडी काढली. कुमुद त्याला अतिशय आदराने म्हणाली, "दादानू, तुमका पोवंक येता?" तो म्हणाला, पोहायला येतं. "आमका येना. तेवां विडी मात्शी पलीकडे वडा." सगळी बोट हसली, तोसुद्धा. रॉकेलची पिशवी मला परत मिळायला बराच काळ जावा लागला. ती कधी मिळाली तेही गंमतच. एका सकाळी निघताना ती माझ्या खांद्यावर होती, बस. कुमुद पुढे चालायला लागली होती. मी मात्र त्या दिवशी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले की यात रॉकेल आहे आणि ते मी नेते आहे. इंदू कंटाळून म्हणाली, "बाई, कपाळार लिवन घे."

मग गॅस आला, स्टो माळ्यावर गेले. इंदू लेकाकडे मुंबईला गेली आणि तिकडेच वारली. मांय तर कधीच गेली होती. कुमुदचे गुडघे गेले तेव्हा रमेश तिला कारापूरला घेऊन गेला. फार प्रेमाने ठेवलं त्याने, पण एकदा अंगणात घसरली तेव्हापासून तिला अंगणाची पायरी उतरू देत नसे. गेल्या थंडीत मी भेटायला गेले तेव्हा ती पडवीतल्या बांकावर बसली होती, पाय रस्त्याच्या बाजूला करून. आत रमेश कोणाशी तरी बोलत होता. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मांयन सोडलां गो. हो रमेश सोडना." आणि मग दोघी म्हाताऱ्या खो खो हसलो. रमेश बाहेर येऊन विचारू लागला, काय झालं काय झालं...

तिच्या दिवसकार्यासाठी आठ दिवस मी कारापूरला होते. तिच्या खोलीत झोपले. पहिल्या सकाळी खिडकी उघडली तर गजांशी कुमुदचे चालायचे पांढरे कॅनव्हासचे बूट वाळत ठेवलेले. नुकते खडूने पांढरे केलेले, बोट लावलं तर पांढरं बोट. सुनीताला विचारलं. म्हणाली, "दर आयतारा माझ्याकडून करून घेत होत्या. घालायच्या नाहीत, पण करून घ्यायच्या. ह्या आयतारी सवयीने मीच केले..." आणि ती रडायला लागली. पोरीला जवळ घेतलं.

निघायच्या दिवशी माझा मुलगा गाडी घेऊन दारात आला. माझ्या पिशव्या त्याने डिकीत टाकल्या. मी आत गेले, ते बूट घेतले. माझ्या पायाला ते मोठे. पुढे कागदाचे बोळे कोंबले, लेस घट्ट बांधली. बाहेर आले तर मुलगा बघतच राहिला. "आई, हे काय?"

"तू गाडी घेऊन पुलापाशी थांब. मी चालत येते."

"ह्या उन्हात? ह्या वयात? आई, मी काय म्हणतो..."

तो काय म्हणत होता ते मला नीट ऐकू आलं नाही. मी पायरी उतरले होते.