पाच हजारांची बरणी

आमच्या पाळकसाहेबांइतका श्रीमंत पाळक अख्ख्या नाशिक जिल्ह्यात झाला नाही, आणि पैसा म्हणजे काय हे त्यांच्याइतकं न कळलेला माणूसही झाला नाही. मी चौथी शिकलेला सुतार. रंधा मारण्यात जन्म गेला, लिहिण्याची सवय नाही, तेव्हा वाकडंतिकडं झालं तर समजून घ्या. पण साहेबांची आठवण मनात फार साचली आहे, आणि घरात ऐकायला आता कोणी नाही.

त्यांची श्रीमंती चर्चची नव्हती, वडिलांची होती. निफाडकडे द्राक्षाच्या बागा, त्यातल्या एका तुकड्यावरून मोठा रस्ता गेला, आणि तिघा भावांच्या घरात पैसा आला तो आलाच. दोघे भाऊ बाग बघतात, हे पाळक झाले. आमच्याकडे बदलून आले ते पांढऱ्या लांबलचक गाडीतून. आमच्या गल्लीत ती शिरेना, म्हणून तोंडाशीच उभी राहायची आणि सगळ्यांच्या सायकली अडकायच्या. त्याआधीचे पाळक सायकलवर यायचे, पँटीला क्लिप लावून. मी पहिल्याच दिवशी हिला म्हणालो, "सुमन, हा गाडीतला माणूस आपल्याला काय धर्म शिकवणार?" ही म्हणाली, "तुम्हाला पाळकाचा सदरा फाटका लागतो का, भक्ती करायला? ज्याच्या घरात डबा भरलेला आहे तो दुसऱ्याच्या डब्यात डोकावत नाही." तिचं आणि माझं यावरून शेवटपर्यंत जमलं नाही. बाकी सगळ्यावरून जमलं.

गाडी होती मात्र सगळ्यांची. साहेब ती बैलगाडीच्या चालीने हाकायचे, मोठ्याने गीत म्हणत, आणि रस्त्यात पिशवी घेऊन उभा दिसेल त्याला आत घालायचे. नाशिकच्या द्वारका चौकात एक गृहस्थ मुलाची वाट बघत उभे होते. त्यांना साहेबांनी बसवून थेट सिन्नरला नेलं. "अहो, मग बोलायचं ना!" साहेब त्यांना म्हणाले. ते म्हणाले, "तुमचं गाणं संपल्यावर बोलणार होतो." साहेबांनी त्यांना तसंच परत आणलं, आणि येतानाही गाणं चालूच. मागच्या सीटवर कधी कांद्याच्या गोणी, कधी कोंबड्या. एकदा सायखेड्याहून कुणा विधवेची शेळी आणली होती, तिने सीटचं कव्हर खाल्लं. साहेब म्हणाले, "भूक लागली असेल."

भाव कशाचाच ठाऊक नाही. नारळ पाच रुपयाला म्हटलं तरी हो, पाचशेला म्हटलं तरी हो. भाजीवाली उरलेले पैसे द्यायला मागे धावायची आणि हे घाबरून पुढे चालायचे, काहीतरी चुकलं वाटून. श्रीमंत माणूस देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नाकातून जाणं सोपं, हा शास्त्रातला धडा दरवर्षी एका रविवारी येतोच. साहेब त्या दिवशी उपदेशाला उभे राहिले, चार वाक्यं बोलले, घाम पुसला, माझ्याकडे बघितलं. मी तिसऱ्या बाकावर हाताची घडी घालून बसलेलो. ते म्हणाले, "बंधुभगिनींनो, या वचनावर मी बोलण्यात काही अर्थ नाही. आपण गीत म्हणू या." आणि झगा सावरत खाली बसले. हसावं की काय करावं कळेना. त्या दिवशी पहिल्यांदा मला हा माणूस आवडला, पण मी हिला सांगितलं नाही.

पगार ते घ्यायचे नाहीत. चर्चचे पंच खूश. मी एकटाच भांडायचो. "साहेब, पगार घ्या. पगार घेणाऱ्या पाळकाला माणूस चार शब्द बोलू शकतो. फुकटच्याला काय बोलणार?" ते म्हणायचे, "मिस्त्री, तुम्ही तसेही बोलताच की."

आता हंगामाच्या उपासनेचं सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. वर्षातून एकदा मंडळी आपापलं पहिलं पीक देवाला आणते. कांदे, गहू, भोपळा, अंडी, ज्याला शेत नाही तो घरात केलेलं काही. उपासना संपली की अंगणात टेबल मांडून त्याचा लिलाव होतो आणि ते पैसे चर्चला जातात. बोली पुकारायला आमचे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, आवाज अजून वर्गातला. ही लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवायची, तोंडाला फडक्याचा दादरा बांधून, आणि ती बरणी दरवर्षी मीच सोडवून घरी आणायचो. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा नेम. घरात तेच लोणचं असायचं, पण लिलावातल्या बरणीची चव वेगळी. लोक मुद्दाम बोली चढवायचे. "काय मिस्त्री, बायकोच्या हाताची किंमत एवढीच?" सायखेड्याची साळूबाई तर दर वेळी ओरडायची, "लय चिकट हाय हा बाबा, चढव अजून पाच!" आणि ही बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाला लावून हसायची. वर्षभर एवढं हसताना मी तिला बघितलं नाही.

साहेब आले आणि लिलावाचं मातेरं झालं. वाईट मनाने नाही. त्यांना कुणाची वस्तू स्वस्तात गेलेली बघवायचीच नाही. साळूबाईची चार अंडी तीसवर अडली की यांचा हात वर. "पाचशे!" टाळ्या. म्हातारी खूश. भोपळा, हजार. हळूहळू लोकांनी बोलीच सोडली. साहेब घेतीलच, मग आपण कशाला घसा कोरडा करायचा? संध्याकाळी सगळं गाडीत भरून दुसऱ्या दिवशी ते घरोघर वाटत फिरायचे. एकदा माझ्याच परसातला भोपळा माझ्याच दारात आला. चर्चचं पत्र्याचं छप्पर नवं झालं, ते कबूल करतो. पण अंगणात आवाज उरला नाही. माझ्या बरणीपुरता मात्र जुना खेळ तसाच चालायचा. त्यात साहेब मध्ये पडायचे नाहीत, कारण नेमके तेव्हा ते कोंबड्या गाडीत चढवत असायचे.

मागल्याच्या मागल्या हंगामाला ही आजारी होती. पोटात गाठ. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आणि तिला न सांगताच समजलं होतं. तरी म्हणाली, बरणी द्यायचीच. लिंबं मी चिरली, मीठमसाला तिने स्टुलावर बसून घातला. एकच बरणी झाली. घरासाठी दुसरी नाही. मला ठाऊक होतं ही शेवटची.

त्या वर्षी कोणी कोंबड्या आणल्या नव्हत्या.

गुरुजींनी बरणी उचलली. मी पन्नास म्हटलं. कोणी शंभर, मी दीडशे, साळूबाईचं ओरडणं, सगळं नेहमीचं. आणि पुढून साहेबांचा हात वर, तोंडभर हसू. "दोन हजार!" त्यांना वाटलं खेळ रंगतो आहे, आपणही रंगवू. मी अडीच म्हटलं. खिशात औषधाचे तेवढेच पैसे होते. साहेब म्हणाले, "पाच हजार! सुमनताईंच्या हाताला!" मी खाली बसलो. टाळ्या पडल्या. हिनेही वाजवल्या, खुर्चीत बसल्या बसल्या.

घरी येताना मी रिक्षात शिव्या देत होतो. ही म्हणाली, "मागायला जाऊ नका हं. देवापुढे ठेवलेलं परत मागायचं नसतं. साहेबांकडे गेली ना, वाया जायची नाही."

त्यानंतर तीन महिन्यांनी ती गेली. साहेब धावत आले आणि म्हणाले, पितळी कड्यांची, पॉलिश केलेली मोठी शवपेटी मागवतो. मी म्हणालो, "पेटी मी करणार. चाळीस वर्षं हिच्या घरात मी रंधा मारला, ही पेटी दुसरा करणार नाही." ते गेले नाहीत. झगा घातलेले तसेच माझ्याजवळ उभे राहून फळी धरू लागले. धरता येत नव्हती. मी ओरडलो, "सरळ धरा हो!" त्यांच्या बाह्यांवर भुसा पडत होता आणि ते "हो मिस्त्री, हो मिस्त्री" म्हणत होते. त्या पेटीचा एक कोपरा वाकडा आहे. तो त्यांचा.

मग रोज येऊ लागले. फळं, काजू, एकदा तर मिक्सर. "काय हवं ते सांगा, मिस्त्री." एकच गोष्ट हवी होती आणि तीच मागायची नव्हती. मिक्सर अजून खोक्यात आहे.

पुढचा हंगाम जवळ आला, तशी पंचांची सभा बसली. साहेब उत्साहात म्हणाले, यंदा एकही वस्तू हजाराच्या खाली जाऊ द्यायची नाही. माझं डोकं फिरलं. मी उठून म्हणालो, "साहेब, यंदा तुम्ही तोंड उघडायचं नाही. तुमच्या पैशाने आम्हाला सगळ्यांना खाली बसवलं. माझ्या बायकोची शेवटची बरणी तुम्ही नेलीत. पाळकाकडे एवढा पैसा नसावा. असलाच तर तो लोकांच्या अंगावर पडू नये." गुरुजी "मिस्त्री, मिस्त्री" करत राहिले. मी चपला घातल्या आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब चालत आले. गाडी नाही. हिच्या स्टुलावर बसले. मी रंधा मारतच होतो.

"बरणी अर्धी आहे, मिस्त्री," ते म्हणाले. "मी दवाखान्यात नेत होतो. आजाऱ्यांच्या तोंडाला चव नसते. लहान चमच्याने थोडं जिभेवर ठेवलं की दोन घास तरी जातात. बऱ्याच जणांना दिलं."

मी रंधा थांबवला नाही.

"सुमनताईंनाही दिलं. शेवटच्या आठवड्यात. तुम्ही खाली औषध आणायला गेला होता. चमचा चाटला आणि म्हणाल्या, मीठ कमी पडलं, यांनी लिंबं जाड चिरली."

रंधा थांबला.

"मला का नाही सांगितलं?"

"त्या म्हणाल्या, सांगू नका, रागावतील. तुम्हाला ती बरणी हवी होती, हे मला काल कळलं. खरंच कळलं नव्हतं हो." आणि हा बागायतदाराचा मुलगा माझ्या भुशात बसून शर्टाच्या बाहीने नाक पुसू लागला. मग म्हणाला, "आत्ता आणून देतो."

"नको," मी म्हणालो. "परत मागायची नाही, असं ती सांगून गेली आहे."

 साहेब उठताना म्हणाले, "मग रीतीनेच येऊ दे."

हंगामाच्या दिवशी टेबलावर, भोपळ्याच्या शेजारी, तीच अर्धी बरणी होती. दादरा नवा बांधलेला, गाठ पाळकसाहेबांसारखीच, सुटायला आलेली. गुरुजींनी ती दोन्ही हातांनी उचलली. मी म्हटलं, "पन्नास."

कोणी बोलेना.  साहेब पुढच्या खुर्चीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, हात लावू नको म्हटलेल्या मुलासारखे, आणि चेहरा लाल. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस एखादी वस्तू पन्नास रुपयांत जाताना बघत होता.

"एकवार," गुरुजी म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता. "दोनवार..."

मला ते सहन होईना. मी ओरडलो, "अरे बोला की कोणीतरी! अशी फुकटात द्यायची का तिची बरणी?"

मागून साळूबाईचा चिरका आवाज आला, "एक्कावन्न! लय चिकट हाय हा बाबा!"

मग सुटले सगळे. शंभर, एकशे दहा, दीडशे. कोणी म्हणालं, मिस्त्री, तिच्या हाताची किंमत एवढीच का? मी डोळे पुसत बोली चढवत होतो. बायकांच्या घोळक्याकडे एकदा सवयीने बघितलं. तीनशे दहाला बरणी माझी झाली. साहेबांचे हात तोवर मांडीखालीच होते. नंतर ते म्हणाले, बोटांना मुंग्या आल्या.

गेल्या मे महिन्यात त्यांची बदली झाली, लांब. आता नवे पाळक आहेत, गरीब घरचे. स्कूटरवर येतात, पगार घेतात, आणि मी हवं ते बोललो तरी खाली मान घालून ऐकतात. मला हवा होता तसाच पाळक मिळाला. पण बोलण्यात मजा नाही. पाळकाने श्रीमंत असावं की नसावं, हे मला अजूनही ठरवता येत नाही. नसावं, असंच मी म्हणतो. मग वाकड्या कोपऱ्याची ती पेटी आठवते आणि मी गप्प बसतो. सुमन असती तर म्हणाली असती, हरलात, कबूल करा.

रविवारी उपासनेनंतर साहेबांचा फोन येतो. "सलाम, मिस्त्री. बरणीत किती फोडी उरल्या?" मी दर वेळी सांगतो, पुष्कळ आहेत, या कधी जेवायला. खरं तर पावसाळ्यातच संपत आल्या. काळ्या पडलेल्या खारात एकच फोड आहे. ती मी खात नाही. ती त्यांची.