नोटीसमावशींचा पुरा तास

पानिपतची लढाई अर्धवट माहीत असलेली पोरं आमच्या कॉलेजात पैशाला पासरी मिळतील. पण बारा वर्षं ती लढाई नेमकी एकाच ठिकाणी अडून राहिलेली बाई एकच. अब्दाली यमुना उतरून अलीकडे आला, इथपर्यंत नोटीसमावशींना सगळं चोख ठाऊक. तेवढ्यात सरांची सही व्हायची आणि मावशींना वर्गाबाहेर पडावं लागायचं. पुढे काय झालं ते कोणीही सांगितलं असतं, मीसुद्धा. पण मावशींना ते त्याच सरांच्या तोंडून, त्याच वर्गात बसून ऐकायचं होतं.

कर्जतच्या या कॉलेजात मी फी आणि शिष्यवृत्तीची खिडकी सांभाळते. रोज सकाळी सातला दहिवलीहून येते. माझं तोंड जरा फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. मावशी आमच्याकडे शिपाई. खालापूरकडच्या एका गावातून शेअर रिक्षा बदलत बदलत यायच्या आणि माझ्याआधी हजर असायच्या. आता सगळीकडे मोबाइलवर ग्रुप आहेत, आमच्याकडेही आहे. पण आमच्या प्राचार्यांचा विश्वास फक्त सहीवर. म्हणून अजूनही लांबलचक नोटीसबुक निघतं. मी नोटीस लिहायची, मावशींनी ती वर्गावर्गात न्यायची, शिकवणाऱ्या सरांनी थांबून ती मोठ्याने वाचायची आणि सही करायची. त्यावरूनच पोरांनी त्यांना नोटीसमावशी केलं.

तर या मावशी दार ढकलून आत जायच्या आणि भिंतीला पाठ लावून गप्प उभ्या राहायच्या. सरांचं लक्ष जाईपर्यंत पुस्तक पुढे करायच्या नाहीत. आठ वर्ग फिरायला दहा मिनिटं पुरतात, पण मावशींना अर्धा तास लागायचा. मी कावायची. "मावशी, नोटीस द्यायला गेला होतात की बारशाला?" त्या शांतपणे म्हणायच्या, "मॅडम, सरांचं वाक्य तरी पुरं व्हायला नको का?" पुरतं काही हाती लागायचं नाहीच. "मागणी वाढली का भाव वाढतो, इथवर ऐकलं. मंग सही झाली. तो भाव परत उतरतो का नाय, कोनाला ठावं!" असं म्हणून त्या घंटा द्यायला निघायच्या. आमची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तिची वेळ मावशींनी कधी एका मिनिटानेही चुकवली नाही.

आणखी एक खोड. ऑफिसात त्या खुर्चीवर बसायच्या नाहीत. मी किती वेळा खुर्ची ओढून दिली असेल! "बसा हो, गुडघे गेलेत तुमचे." "नको मॅडम. बसले का उठायला सांगत्यात." हे त्या हसत म्हणायच्या, म्हणून मीही हसून सोडून द्यायची. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला फार उशिरा उमगलं.

दहावी त्या लग्नाआधीच झाल्या होत्या. बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसल्या, आणि लेकीच्या जुन्या पुस्तकांवर पास झाल्या. पेढे आणले तेव्हा मला वाटलं, चला, हौस फिटली. जूनमध्ये बघते तर माझ्या खिडकीपुढे पोरांची ही रांग, आणि रांगेत मावशी! आम्ही दोघी बारा वर्षं खिडकीच्या एकाच बाजूला. मी ओरडले, "अहो, आत या की! तिकडे काय करताय?"

"नाय मॅडम. आज हिकडूनच."

हातात बी.ए.चा प्रवेश अर्ज होता. वय त्रेचाळीस. आमचे कला शाखेचे वर्ग सकाळी, ज्युनिअर कॉलेज दुपारी. प्रवेश पक्का झाला की मावशींची ड्युटी दुपारी करायची, असं प्राचार्यांनी कबूल केलं होतं. गाडं अडलं ते फीवर. यजमान मोहोपाड्याला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. घरात एकाच फीची ऐपत होती, आणि ती लेकीच्या नर्सिंगला गेली होती. मी म्हटलं, "मुलीचं एक वर्ष होऊ दे, मग तुमचं बघू." त्यावर मावशी पहिल्यांदाच माझ्यावर उखडल्या. "मंग बघू, मंग बघू करत इथवर आले, मॅडम. आता नाय."

मग सुरू झाली कागदांची जत्रा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. या दोन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करणारे कागद गोळा होईपर्यंत सरकारी शिष्यवृत्तीची मुदत टळून गेली. शिक्षणात खंड का पडला, त्याचं प्रतिज्ञापत्रही लागतं. मी सांगितलं, "कौटुंबिक अडचण, असं लिहा. सगळे तेच लिहितात." मावशींनी पेन खाली ठेवलं. "अडचण कसली? लगीन केलं, दोन पोरं वाढवली, सासूबायचं शेवटपर्यंत केलं. ती कामं होती, मॅडम. अडचण कशी म्हनू?" आणि त्यांनी कारण लिहिलं: घरची कामे. मी कपाळावर हात मारला. पण अक्षर बघितलं आणि कागद तसाच फाइलला लावला. एवढं सुंदर अक्षर आमच्या ऑफिसात कोणाचंही नाही.

उरला कॉलेजचा स्वतःचा सहाय्य निधी. गरजू विद्यार्थ्यांची फी त्यातून भरली जाते. इथे घोळ घातला तो मी, दुसऱ्या कोणी नाही. अर्जात व्यवसायाचा रकाना होता. मावशी तो रिकामा ठेवत होत्या. मीच आपुलकीच्या भरात त्यांच्या हातातून अर्ज घेतला आणि ठसठशीत लिहिलं: 'शिपाई, हेच महाविद्यालय.' मला वाटलं, आपलं माणूस म्हटल्यावर समिती नाही कशाला म्हणेल! दोन दिवसांनी नियम काढून वाचले आणि माझी चूक कळली. निधी फक्त विद्यार्थ्यांसाठी, कर्मचाऱ्यांना त्यातून मदत नाही. कर्मचाऱ्यांना फीत वेगळी सवलत होती, पण ती कायम नोकरीतल्यांना. मावशी तर एजन्सीमार्फत आलेल्या. अर्जावर आवक शिक्का पडला होता, बदलताही येईना. मी मावशींना सांगून टाकलं. रडवेली झाले होते. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. खोटं तर नाय ना लिवलं? जे हाय ते हाय."

समिती दुपारी तीनला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसली. संस्थेचे खजिनदार, ज्यांना सगळे शेठ म्हणतात ते, प्राचार्य, इतिहासाचे सर, आणि टिपणं घ्यायला मी. एकेक पोरगं येऊन जात होतं. मधेच मावशी चहा घेऊन आल्या. चारही कप ठेवले. शेठ कागद चाळत म्हणाले, "मावशी, पुढचा अर्जदार पाठवा."

मावशींनी ट्रे कपाटावर ठेवला, पदराला हात पुसले आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा. "पुढची मीच हाय, साहेब."

शेठ आधी हसले, मग अर्ज वाचून गंभीर झाले. माणूस वाईट नाही, नियमाला पक्का. "मावशी, तुम्ही तर आपल्याच! पण कॉलेजच्या माणसाला विद्यार्थ्यांच्या निधीतून कसं द्यायचं? उद्या लोक आमच्याकडे बोट दाखवतील."

मी मान खाली घातली. माझंच अक्षर डोळ्यांपुढे नाचत होतं. मावशींचा आवाज मात्र अजिबात चढला नाही.

"साहेब, दिवाळीत समद्यांना बोनस भेटला, तवा मला सांगितलं, तुमी कॉलेजच्या नाय, एजन्सीच्या. फीची सवलत मागितली, तवाबी तेच सांगितलं. मी ऐकलं, काय बोलले नाय. आता विद्यार्थी म्हनून आले, तर म्हनता कॉलेजच्या. माझं काय म्हननं नाय. फकस्त येक काय ते ठरवा."

शेठनी प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी चहाकडे. शेठनी मग वेगळ्या बाजूने विचारलं, "बरं, पण या वयात पदवी घेऊन करणार काय?"

"पयलं तर उरलेला तास ऐकनार. मंग म्होरचं बघू."

आता इतिहासाचे सर पुढे सरसावले. ते म्हणाले, "शेठ, पस्तीस मुलांच्या वर्गात मी बोलायचा थांबलो की पस्तीसही जण सुटकेचा श्वास टाकतात. दारात उभ्या या एकट्या बाईंचा चेहरा पडतो. मी बारा वर्षं बघतोय." प्राचार्य म्हणाल्या, "निकाल समिती कळवेल." मावशी उठल्या, रिकामे कप ट्रेमध्ये भरले आणि गेल्या. त्यांच्या मागे दार बंद झालं तेव्हा शेठनी तो अर्ज पुन्हा पुढे ओढला, आणि निकाल ठरवायचा म्हणून मलाही बाहेर पाठवलं.

फी भरायचा शेवटचा दिवस शनिवार. त्यानंतर प्रवेश रद्द. शुक्रवारी सकाळी समितीची सही झालेली यादी माझ्या टेबलावर आली. मी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि स्वच्छ अक्षरात नोटीसबुकात उतरवली. मावशी प्रत्येक नोटीस वाचून मगच निघायच्या. आज मी पुस्तक धपकन मिटून त्यांच्या हातात कोंबलं. "आज वाचायचं नाही. सरळ इतिहासाच्या वर्गात जा."

"रद्द झालं का मॅडम?"

"तुम्हाला सांगितलं ना, जा!" मी खेकसले. नसते खेकसले तर तिथेच रडले असते. त्या गेल्या, आणि मी खिडकी बंद करून त्यांच्या मागोमाग जिना चढले.

सरांचं पानिपतच चाललं होतं. मावशी भिंतीला टेकून उभ्या. तोंड पार उतरलेलं. सर थांबले, पुस्तक घेतलं, वाचू लागले. "सहाय्य निधीतून खालील विद्यार्थ्यांची संपूर्ण फी मंजूर करण्यात आली आहे." एकेक नाव, बाकावर एकेक चुळबुळ. शेवटी सर जरा थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "सुलोचना हरिश्चंद्र भोईर."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ही कोण सुलोचना? त्या वर्गात ते नाव कोणालाच माहीत नव्हतं. सरांनी दाराकडे बघितलं. "भोईर? हजर आहे का?"

मावशींचा आवाज फुटला तो असा, की शेजारच्या वर्गात ऐकू गेला. "हजर, सर!"

काय सांगू! पोरांनी बाकं बडवून वर्ग डोक्यावर घेतला. मागच्या बाकावरची एक मुलगी सरकली आणि म्हणाली, "मावशी, हितं या ना, हितं बसा." सर म्हणाले, "बसा." मावशी तरी भांबावून उभ्याच. "सर, बाकीचे सात वर्ग ऱ्हायल्यात. नि घंटा?"

मी आत शिरले, त्यांच्या हातातून नोटीसबुक ओढून घेतलं आणि म्हटलं, "घंटा माझ्या बापाची आहे का तुमच्या? बसा गपचूप!" मग मी गेले, सात वर्ग फिरले, सात सह्या घेतल्या, आणि प्रत्येक ठिकाणी ते शेवटचं नाव मोठ्याने वाचायला लावलं. तास संपायची वेळ झाली तेव्हा हातोडा घेऊन रुळापाशी उभी राहिले. घड्याळ बघितलं. वर पानिपत चालू होतं. मी चांगली आठ मिनिटं घंटा दिली नाही. आमच्या कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा घंटा चुकली आणि मी मुद्दाम चुकवली.

मावशी खाली आल्या त्या डोळे पुसत. "हरलो, मॅडम. उपाशी माणसं लढली, तरी दुपारपर्यंत जिंकत होती." जणू बातमी आजच आली होती. मी म्हटलं, "मग रडता कशाला? जुनी गोष्ट आहे." त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी नाय."

तीन वर्षं त्या सकाळी बाकावर आणि दुपारी नोटीसबुक घेऊन वर्गांच्या दारात. बी.ए. पहिल्या वर्गात झाल्या. पदवी द्यायला शेठच आले होते. नाव पुकारल्यावर सगळ्यांत आधी टाळी त्यांचीच. निधीच्या नियमात त्यांनी आता एक ओळ वाढवून घेतली आहे: वयाची अट नाही, आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही अर्ज करता येईल. मागच्या जूनमध्ये माझ्या खिडकीपुढे चाळिशीच्या वरच्या चार बाया होत्या. एकीनेही प्रतिज्ञापत्रात 'अडचण' लिहिलं नाही. मीच लिहू दिलं नाही.

मावशी निरोप घ्यायला आल्या तेव्हा बी.एड.ला नंबर लागल्याचं पत्र हातात होतं. आल्या आणि मी न सांगता माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या, चांगल्या ऐसपैस. "तिथंबी फीसाठी अर्ज केला, मॅडम. या टायमाला सगळा मीच भरला, तुमाला हात लावू दिला नसता. व्यवसायाच्या रकान्यात काय लिवलं असंल?"

"काय?"

"विद्यार्थिनी."

बारा अधिक तीन वर्षं, आणि मला त्या बाईला धड निरोपही देता आला नाही. त्यांनीच उठून माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि रिक्षा गाठायला गेल्या.

त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही, म्हणून नोटीसबुक सध्या मीच फिरवते. परवा इतिहासाच्या वर्गात गेले, भिंतीला टेकून उभी राहिले. सरांनी नोटीस वाचली, सही केली, पुस्तक पुढे केलं. मी घेतलं आणि तिथेच थांबले.

"मॅडम, सही झाली."

"झाली असेल हो," मी म्हटलं. "तुम्ही पुढचं सांगा."