एकडोळ्याचं डोकं

आधी चहा हातात घ्या, मग सांगतो. माझी ही फजिती ऐकताना लोक मध्येच हसतात आणि मग त्यांनाच वाईट वाटतं. तोंड लपवायला कप बरा पडतो.

डोणगावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. घर मात्र धरणाकाठच्या गावात. जुनं गाव पाण्यात गेलं तेव्हा मी मायच्या कडेवर होतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या घरांची जोती वर येतात, पण आमच्या घराची जागा कधीच दिसत नाही. ती पार खोलात. त्यात अंगणात विहीर, म्हणजे धरणाच्या तळाला आणखी एक विहीर! खडकाची एक पाळ तिथवर गेली आहे. तिच्यावर बसलं की पायाखाली आपलं घर.

गेल्या हिवाळ्यात माय गेली. पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे परतले आणि बाबांनी जेवण जवळजवळ सोडलंच. बोलणंही. दुपारी ताटात एक भाकरी घ्यायचे, अर्धी खायचे, अर्धी रुमालात बांधायचे आणि संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचे. माझी बायको करुणा म्हणायची, आपल्यासमोर त्यांना घास उतरत नसेल, एकटे बसून खात असतील. मलाही ते पटलं. विचारायचा धीर मात्र दोघांनाही झाला नाही.

बाप डोळ्यांदेखत वाळत चालला होता हो. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. हेही मायच्या मागोमाग जातात की काय, या भीतीनं मला झोप लागेना.

मग मला मायच्या हातचा माशाचा रस्सा आठवला. तो असला की बाबांना भाकऱ्यांचं भान राहायचं नाही. माशाचं डोकं त्यांच्याच ताटात, कारण आमच्याकडे डोकं घरातल्या मोठ्या माणसाला वाढायची रीत. म्हटलं, बाजारातला बर्फातला मासा नको. आपल्या विहिरीवरचा आणू. तो खाऊन तरी बाप माणसात येईल.

आता मला मासेमारीचं ज्ञान किती? सगळा जन्म धरणाकाठी गेला, पण माझ्या गळाला आजवर लागलं ते शेवाळ, आणि एकदा माझाच अंगठा. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, मोठा मासा खोलात गारव्याला बसतो आणि पहाटे तेवढा वर येतो, एवढंच ऐकून माहीत. तेवढ्या भांडवलावर मी दुकान उघडण्याआधी पाळीवर जाऊन बसलो.

कणकेच्या गोळ्या वळल्या आणि बरबटलेला हात पाण्यात घातला. तर काय, खालून एक सावली सरळ वर आली! रोहू. चांगला हातभर लांब. एका डोळ्यात पांढरं फूल पडलेलं. पळायचं नाव नाही. माझ्या बोटांशी तोंड उघडून थांबला.

कुठल्याही शहाण्या माणसाला इथं शंका आली असती. मला अभिमान वाटला.

शेषराव म्हणजे आमच्या फाट्यावरचा चहावाला, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं विचारलं, "मासा मानसाच्या हाताले काऊन येईन बे?" मी म्हणालो की हात कुणाचा आहे यावर ते असतं. मग रोज पहाटे मी त्या रोहूला कणीक चारायचो आणि रोज त्याच्या टपरीवर व्याख्यान द्यायचो. माशाच्या फुटक्या डोळ्याच्या बाजूनं कसं बसायचं, श्वास किती हळू घ्यायचा, सगळं. सांगता सांगता मासाही वाढत गेला. शेवटी तो वासराएवढा झाला तेव्हा मलाच थांबावं लागलं. लोक कणकेची कृती विचारायला येऊ लागले. मी त्यात बडीशेप आणि गूळ सांगितला. का सांगितला, मलाही माहीत नाही.

रविवारी तो मासा धरला. गळ टाकलाच नाही, त्याच्या तोंडात नेऊन दिला म्हणा ना. घर जवळ, तरी मी फाट्यावरून वळसा घालून आलो. शेषरावाला जेवायचं आमंत्रण दिलं. करुणानं मायसारखंच कांदा-खोबरं भाजून रस्सा केला. बाबांना ताटावर बसेपर्यंत काही सांगायचं नाही असं ठरलं.

त्या संध्याकाळी बाबा उशिरा परतले. चेहरा उतरलेला. रुमालातली भाकरी तशीच होती. मी मनात म्हटलं, वा, म्हणजे आज पोट रिकामं आहे.

जेवायला बसलो. मी स्वतःच्या हातानं डोकं बाबांच्या ताटात वाढलं. त्यांनी ताट जरा दिव्याकडे फिरवलं आणि बघत राहिले.

"हा कोठून आनला?"

मी छाती फुगवून सांगितलं, आपल्या विहिरीवरून. उरलेलं शेषरावानं सांगितलं. हा कसा हाताला यायचा, कोणता डोळा फुटका, सगळं त्याला पाठ झालं होतं.

"अबे, हा तं एकडोळ्या हाय," बाबा म्हणाले. "तुही माय गेली तवापासून रोज अर्धी भाकर चारून राह्यलो याले. तिच्या विहिरीवरचा हाय म्हनून."

शेषरावाचा हात रश्शातच राहिला. करुणा आत निघून गेली. आणि मी? तो मासा माझ्या हाताला आलाच नव्हता, बाबांचा हात समजून आला होता. धरणीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं, पण आमचं गाव तर धरणानं आधीच घेतलेलं.

मी ताट उचलायला वाकलो. बाबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. माह्याच भाकरीचा हाय. तुह्या मायनं अन्न कधी फेकलं नाही."

त्यांनी भाकरी मोडली. खात होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग त्यांनी दुसरी भाकरी मागितली, आणि रस्सा मायसारखा झाला असं करुणाला आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. महिनोन् महिने मला हेच तर हवं होतं. पण मला मान वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी मला भाकरी घ्यायला सांगितलं आणि सोबत नेलं. पाळीवर बसून बाबांनी पाण्यावर हात थोपटला. काही नाही. पुन्हा थोपटला. पाणी शांत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या बाभळीकडे बोट दाखवलं. मी जाऊन तिच्याआड उभा राहिलो. लगेच चार-पाच लहान रोहू वर आले आणि बाबांच्या हातातून खाऊ लागले. मला राहवेना, मी मान पुढे काढली. सगळे गायब.

"मांगच राय," बाबा मान न वळवता म्हणाले. "तुह्यावर भरोसा ठेवनारा एकच होता, त्याचाबी एक डोया फुटका होता."

आणि माय गेल्यापासून पहिल्यांदा बाप हसला. मी अजूनही रोज संध्याकाळी त्या बाभळीमागेच उभा असतो.