चाचांच्या रकान्यातलं शून्य

रास अल खैमात मी पुष्कळ हट्टी माणसं पाहिली, पण हातात आलेला पैसा हात जोडून परत करणारा माणूस एकच, आमचे चहावाले चाचा. मूळचे रत्नागिरीकडचे. आमच्या मालकाने एका सरकारी कचेरीच्या कँटीनचं कंत्राट घेतलं होतं. तिथे चाचा चहा द्यायचे आणि मी हिशेब लिहायचो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि याचा अभिमान माझ्याहून चाचांना जास्त. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. "बीकॉम, जेवलास?" "बीकॉम, केस काप." कचेरीतल्या प्रत्येकाचा चहा त्यांना पाठ होता. मुदीरसाहेबांची, म्हणजे कचेरीच्या मुख्यांची, साखर डॉक्टरने बंद केलेली. त्यांनी साखर मागितली की चाचा पाठ फिरवून कपात नुसता चमचा वाजवायचे, आणि साहेब "हां, आता बरोबर" म्हणत पिऊन टाकायचे. असा चहा पिऊन माणसं ट्रेमध्ये दिरहम-दोन दिरहम ठेवत. चाचांची धाकटी लेक गावी डी.एड. करत होती, तिची फी त्या ट्रेवर निघायची.

कंत्राटात लिहिलं होतं, प्रत्येक कामगाराला निदान आठशे दिरहम पगार, म्हणजे तेव्हाचे आठेक हजार रुपये. चाचांना मिळायचे सहाशे. कचेरीने पगारपत्रक मागितलं तेव्हा मालक मला म्हणाले, "टिपचा एक रकाना काढ. सहाशे पगार, दोनशे टिप. आठशे झाले, खलास." पत्रकावर सही माझी आणि माझा व्हिसा मालकांच्या हातात. मी चाचांना मान खाली घालून सगळं सांगितलं. ते चहा गाळतच राहिले. "चहा माझा, शाबासकी गिऱ्हाइकाची. त्यात मालकाने काय दिलं रे?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टिप घेणं बंद केलं. कोणी नाणं ठेवून घाईने निघून गेला, तर चाचा एका हातात किटली आणि दुसऱ्यात नाणं घेऊन त्याच्यामागे जिना चढायचे. एका कारकुनाला वाटलं, आपण कमी दिले म्हणून म्हातारा रुसला. त्याने पाच दिरहम काढले. तेही परत. खुद्द मुदीरसाहेबांचेही परत.

"चाचा, पोरीच्या फीचं काय?" मी वैतागून विचारलं.

"भरू उशिरा. तू महिनाअखेरीला टिपच्या रकान्यात शून्य लिही. खरं तेच लिहिशील. मग भ्यायचं कशाला?"

तरी भ्यालो होतोच. पण शून्य लिहिलं. मुदीरसाहेबांनी पत्रक वाचलं, कंत्राट मागवलं आणि मालकांना बोलावलं. साक्षीदार शोधावा लागला नाही, साहेबांची स्वतःची टिपही परत आलेली होती. पुढच्या महिन्यापासून चाचांना आठशे मिळू लागले. मालक माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत, पण कंत्राट टिकवायचं होतं, म्हणून मीही टिकलो. पहिल्या पूर्ण पगाराच्या सकाळी चाचांनी ट्रे सगळ्यांपुढे धरला. "यल्ला, चला, आता ठेवा."

आज मी दुबईत शेकडो माणसांची पगारपत्रकं तपासतो. ताठ मानेने सही करायला मला कॉलेजने नाही, चाचांनी शिकवलं. ते कायमचे गावी निघाले तेव्हा विमानतळावर मी त्यांच्या हातात शंभराची नोट ठेवली.

"हे काय, बीकॉम?"

"टिप."

वाटलं, आता परत करणार. त्यांनी नोटेची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, वरून बटण लावलं. दिसेनासे होईपर्यंत त्यांचा हात त्या खिशावरच होता.