परीक्षेला नेलेलं डोकं

परीक्षेच्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. वर्ध्याला त्यांच्या नात्यात मयत झाली होती आणि त्या बसस्टँडवर पोचल्याही होत्या. सावकाश जा म्हणून मी फोन ठेवला आणि दूध उतू जाईपर्यंत एकच विचार करत राहिले. आता डोकं कोणाचं न्यायचं?

हेड मसाजच्या वर्गाचा नियम तसा होता. शेवटच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकीने आपला माणूस आपणच आणायचा. माणूस नाही तर परीक्षा नाही. मग थेट पुढच्या तुकडीबरोबर, पावसाळा संपल्यावर. एरवी मी थांबलेही असते. पण धरमपेठेतल्या एका मसाज सेंटरला एक बाई हवी होती आणि तिथल्या मालकीणबाई त्या दिवशी पास होणाऱ्यांतूनच निवडणार होत्या. गांधीबागेतल्या ज्या ठोक कापड दुकानात मी माल रवाना करण्याचं काम बघायचे ते बंद पडलं होतं, आणि या वयात नवी कारकुनी मिळत नव्हती. ही जागा गेली तर दुसरी कधी निघेल हे कोणालाच सांगता आलं नसतं.

शिकणं सोपं गेलं नव्हतं. आमच्याकडे डोक्याला तेल लावायचं म्हणजे टाळूवर ओतायचं आणि थापटायचं. पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या मॅडमनी माझी मनगटं धरली. "गठ्ठे बांधताय का ताई?" बोटं केसांवरून फिरवायची नाहीत, बोटं एका जागी ठेवून खालची कातडी हाडावर सरकवायची. मी घरी वजनकाट्यावर बोटं दाबून दाब मोजायला शिकले. क्रम कागदावर लिहून फ्रीजवर लावला : खांदे, मान, कवटीची मागची कड, कानामागे, कानशिलं, शेवटी टाळू. हात लावण्याआधी विचारायचे प्रश्नही त्याखाली होते. भाजी चिरताना ते मी मोठ्याने म्हणायचे, तेव्हा मुलगी आतून "नाही, नाही, नाही" अशी उत्तरं द्यायची.

माझ्या मोठ्या जाऊबाई त्या आठवड्यात कुहीहून आलेल्या होत्या. त्यांचे यजमान, म्हणजे माझे भासरे, मिरची घेऊन कळमन्याच्या बाजारात आले होते, भाव पडला म्हणून माल ठेवून दोघं आमच्याकडे थांबले होते. त्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"बाई, माझ्यासंगं चलता का? तुमचं डोकं पाहिजे."

"कोणाले?"

"मलेच. परीक्षा हाय."

"घे ना मंग. तुझे भासरे तं म्हणतेत, रिकामंच हाय थे."

त्यांनी लुगडं बदललं, घट्ट अंबाडा घातला आणि ऑटोत माझ्या आधी चढून बसल्या.

परीक्षक बाई पुण्याहून आल्या होत्या. एका खोलीत तीन खुर्च्या, समोर आरसे. सेंटरच्या मालकीणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्या शेजारच्या खुर्चीमागे आमच्या तुकडीतली सगळ्यात तरबेज मुलगी होती. तिचे हात पाण्यासारखे चालत. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि प्रश्न सुरू केले.

"रक्तदाब, चक्कर?"

"नाही."

"डोक्याले मार, सूज, टाके?"

"नाही."

"मान दुखते?"

"नाही वं."

जाऊबाई पाठ ताठ करून, फौजेत भरती व्हायला आल्यासारखी उत्तरं देत होत्या. परीक्षक बाईंनी मान हलवली. मी अंबाडा सोडला, पिना वाटीत ठेवल्या आणि खांद्यांवर हात टेकवले.

खांदे दोरखंडासारखे होते. मी घाई केली नाही. मान झाली. कवटीच्या मागच्या कडेवरून उजव्या कानामागे आले आणि बोटाखाली काहीतरी मऊ, गरम लागलं. लिंबाएवढा फुगवटा. जाऊबाईंचा श्वास थांबला. आरशात त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ आत ओढलेले.

मी वाकले. "बाई, इथं काय झालं?"

"काही नाही. चालू दे."

"सूज हाय."

"असू दे. बाजूनं घे. थे भिंतीजवळची बाई पाहून राहिली."

परीक्षक बाई तिसऱ्या खुर्चीजवळ होत्या. फुगवटा केसांत दडलेला होता. मी तो टाळून पुढे गेले असते तर खोलीतल्या कोणालाही कळलं नसतं, आणि ज्यांना कळत होतं त्याच मला पुढे जा म्हणत होत्या. मी कानशिलांवर हात नेले. दोनतीन फेरे घेतले. शेजारची मुलगी टाळूपर्यंत पोचली होती. आता माझ्या क्रमात मान मागे टेकवून टाळूवर दाब द्यायचा होता, आणि मान मागे टेकली की सगळा भार नेमका त्या जागेवर येणार होता.

"दाब ना," जाऊबाई पुटपुटल्या. "मी काही वरडत नाही."

मी हात काढले. "मॅडम, मी थांबते."

परीक्षक बाई आल्या, त्यांनी केस बाजूला करून मोबाईलच्या उजेडात पाहिलं. कातडी निळसर झाली होती.

"हे आधी विचारलं नव्हतं का?"

मी काही बोलायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, "तिनं इचारलं. मीच नाही म्हटलं."

"का पण?"

जाऊबाईंनी त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "परीक्षा तिची हाय ना बाई. सगळ्याले नाही म्हटलं का पास करतेत, असं वाटलं मले. घरी तिची पोरगीबी तसंच म्हणते."

तिसऱ्या खुर्चीवरची बाई हसली. परीक्षक बाई हसल्या नाहीत. "थांबलात ते बरोबर केलंत," त्या मला म्हणाल्या. "पण केस सोडल्यावर आधी डोळ्यांनी बघायचं, मग हात लावायचा. आणि प्रात्यक्षिक अर्धंच झालं. मी पास लिहू शकत नाही." एवढं बोलून त्या शेजारच्या खुर्चीकडे वळल्या. मालकीणबाई केव्हाच तिकडे बघत होत्या.

दवाखान्याकडे जाताना ऑटोत जाऊबाई माझ्यावर चिडल्या होत्या.

"थांबली काहून? मी सोसून राहिली होती ना?"

"कुठं पडल्या तुम्ही?"

"ट्रॉलीवरून. पोतं सरकलं, त्याच्यासंगं मीबी."

"भासऱ्याले सांगितलं?"

"त्याहिले काहून सांगू? मिरचीच्या भावापायी आधीच तोंड पाडून बसले हायेत."

डॉक्टरांनी स्कॅन सांगितलं. आम्ही बाकावर बसलो असताना मॅडमचा फोन आला. धरमपेठेची जागा त्या मुलीला मिळाली होती. पुढच्या तुकडीत नाव ठेवू का, असं त्या विचारत होत्या. मी ठेवा म्हटलं.

"काय म्हणे?" जाऊबाईंनी विचारलं.

"पावसाळ्यानंतर या म्हणे."

त्या पदराने माझ्या हाताला लागलेलं तेल पुसायला लागल्या. मी हात काढून घेतला नाही.

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. दारातल्या माणसाने विचारलं, "आजी, काही त्रास? चक्कर, उलटी?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "याले खरं सांगू?"

"खरं सांगा."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी चक्कर, मग उजवा गुडघा, मग रात्री येणाऱ्या मुंग्या, मग गेल्या वर्षी विहिरीवर घसरल्या होत्या ते. यातलं घरात कोणालाच माहीत नव्हतं. तो माणूस दोनदा म्हणाला, "बस, बस, फक्त डोक्याचं सांगा." मी पर्समधून पेन काढलं आणि दवाखान्याच्या पावतीमागे लिहून घेऊ लागले.